स्टाउटचं प्रकरण: हस्तव्यवसायाची शाळा मनुष्यबळ घडवणारं विद्यापीठ कशी झाली

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात रेड सीडर नदीकाठी मेनॉमनी नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या विद्यापीठाचं आजचं नाव युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन–स्टाउट. १८९१ मध्ये गावच्या शाळेच्या आवारात सुरू झालेल्या एका दुमजली कार्यशाळेतून ते वाढलं. व्यवसाय शिक्षणातल्या लोकांना स्टाउट माहीत असतं ते बहुतेक वेळा २००१ मध्ये मिळालेल्या एका पुरस्कारामुळे. त्या पुरस्काराबद्दल पुढे बोलूच.

'व्यवसाय शिक्षणाकडून मनुष्यबळ विकासाकडे' असा प्रवास धोरणांच्या कागदावर नेहमी सरळ चढणीसारखा दाखवतात: आधी हत्यारं धरायला शिकवलं, मग उद्योगाच्या गरजा समजून घेतल्या, मग विद्यापीठ आधुनिक झालं. स्टाउटचा इतिहास वाचला की हे चित्र टिकत नाही. इथली सुरुवात व्यवसाय शिक्षणापासून झालीच नव्हती. पुढच्या बहुतेक वळणांवरही शिक्षणविचार मागे राहिला. पैसा कोण देतो आणि त्याच्या बदल्यात काय मोजून मागतो, यावरून दिशा ठरत गेली. ही संस्था समजून घ्यायची तर हिशोबाच्या वह्यांच्या बाजूनं पाहावं लागतं, असं माझं मत आहे.

लाकडाचा पैसा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेनॉमनी म्हणजे नॅप, स्टाउट अँड कंपनीचं गाव. पांढऱ्या पाइनची जंगलं तोडायची, गिरणीत लाकूड कापायचं आणि नदीतून मिसिसिपीमार्गे खाली सेंट लुइसपर्यंत विकायला न्यायचं, हा धंदा. त्या काळी जगातल्या सर्वात मोठ्या लाकूड कंपन्यांमध्ये तिची गणना होई. कंपनीच्या एका भागीदाराचा मुलगा जेम्स हफ स्टाउट. धंद्यानिमित्त तो बरीच वर्षं सेंट लुइसला होता, आणि त्याच शहरात कॅल्व्हिन वुडवर्ड यांनी १८८० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाशी जोडलेली हस्तव्यवसायाची शाळा चालू केली होती.

वुडवर्ड यांच्या शाळेत सुतारकाम, लोहारकाम, यंत्रकाम शिकवत, पण सुतार किंवा लोहार घडवायचा हा हेतू नव्हता. मुळात ही पद्धत मॉस्कोच्या तांत्रिक शाळेत व्हिक्टर डेला व्होस यांनी बसवलेली. एकेका हत्याराची, एकेका जोडाची क्रिया सुटी करायची आणि सोप्याकडून अवघडाकडे क्रमानं शिकवायची. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात तिचे नमुने अमेरिकनांनी पाहिले. विद्यार्थी जो सांधा करायचा तो विकायला नसायचा, वापरायलाही नसायचा. हाताला आणि डोळ्याला शिस्त लागावी, भूमितीचा अर्थ लाकडात कळावा, एवढ्यासाठी तो करायचा. वकील होणाऱ्या मुलालाही ते यावं, अशी कल्पना होती.

जेम्स स्टाउट यांनी १८९० मध्ये मेनॉमनीच्या शाळा मंडळापुढे ठेवलेला प्रस्ताव याच विचाराचा आहे. इमारत मी बांधतो, पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाला लागणारी सगळी साधनसामग्री मी देतो, शिक्षकांचे पगार आणि किरकोळ खर्च तीन सत्रं मी भागवतो. मंडळानं फक्त ५०० डॉलर घालावेत. वर्ग मुलं आणि मुली दोघांसाठी असतील, हेही त्यात स्पष्ट होतं.

मला या प्रस्तावातले ते ५०० डॉलर फार बोलके वाटतात. लक्षाधीशाला ते सहज टाळता आले असते. पण गावानं थोडा तरी वाटा उचलला तर शाळा गावाची होते, आणि तीन सत्रांनंतर ती चालवायची की नाही हा निर्णय गावालाच घ्यावा लागतो. देणगीदारानं स्वतःच्या बाहेर पडण्याची वाट आधीच आखून ठेवली होती. (प्रत्यक्षात ते बाहेर पडलेच नाहीत, आयुष्यभर पैसा घालत राहिले.) १८९३ मध्ये मोठी इमारत झाली, १८९७ च्या फेब्रुवारीत ती आगीत गेली, आणि त्यांनी ती पुन्हा उभी केली. याच काळात राज्याच्या सिनेटमध्ये बसून त्यांनी फिरत्या वाचनालयांचं काम उभं केलं, मेनॉमनी ज्या जिल्ह्यात येतं त्या डन काउंटीच्या खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. पुस्तकांची पेटी आणि रंध्याचं टेबल या दोन गोष्टी त्यांच्या लेखी एकाच कामाच्या होत्या.

गिरणी बंद, शाळा चालू

१९०१ मध्ये मेनॉमनीतली गिरणी थांबली. कापण्यासारखं जंगल संपलं होतं. हे घडत असताना शाळा जर स्थानिक उद्योगाला कामगार पुरवत असती तर तीही त्याच वर्षी संपली असती. आज 'स्थानिक उद्योगाच्या मागणीनुसार अभ्यासक्रम' हे वाक्य प्रत्येक योजनेत असतं. ते लिहिताना मेनॉमनीची गिरणी आठवावी.

शाळा टिकली, कारण तिनं तोवर दुसरंच काम हाती घेतलं होतं. देशभर शाळांमध्ये हस्तव्यवसाय आणि गृहशास्त्राचे वर्ग निघत होते आणि ते शिकवायला माणसं नव्हती. चांगल्या सुताराला तीस मुलांचा वर्ग सांभाळता येतोच असं नाही, आणि शाळामास्तरला करवतीची धार लावता येत नाही. १९०३ मध्ये लॉरेन्झो हार्वी मेनॉमनीला आले. त्याआधी ते राज्याचे सार्वजनिक शिक्षण अधीक्षक होते, त्यामुळे शाळांना काय कमी पडतंय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी संस्थेचा रोख शिक्षक-प्रशिक्षणाकडे वळवला. १९०८ मध्ये 'स्टाउट इन्स्टिट्यूट' या नावानं तिची नोंदणी झाली.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा निर्णय हाच. कामगार घडवणारी संस्था एका धंद्याला बांधली जाते. कामगाराला शिकवणारा घडवणारी संस्था त्या धंद्यापासून एक पायरी लांब राहते. धंदा बुडाला तरी शिकवण्याचं तंत्र उरतं. पुढच्या शंभर वर्षांत स्टाउट प्रत्येक वेळी वाचलं ते या एका पायरीच्या अंतरामुळे.

१९१० मध्ये जेम्स स्टाउट वारले. खाजगी पैशाचा झरा आटला आणि १९११ मध्ये संस्था राज्याच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी विस्कॉन्सिननं आणखी एक गोष्ट केली, जिचा स्टाउटवर दूरगामी परिणाम झाला. चार्ल्स मॅकार्थी यांच्या पुढाकारानं राज्यात कामकरी मुलांसाठी आणि प्रौढांसाठी औद्योगिक शिक्षणाची स्वतंत्र यंत्रणा कायद्यानं उभी राहिली. आज तीच १६ तांत्रिक महाविद्यालयांची व्यवस्था आहे. म्हणजे वेल्डर, यंत्रकारागीर, इलेक्ट्रिशियन घडवण्याचं काम वेगळ्या घराकडे गेलं. स्टाउटकडे त्या घराला शिक्षक पुरवण्याचं काम राहिलं.

१९१७: वॉशिंग्टनचा पैसा आणि त्याची अट

२३ फेब्रुवारी १९१७ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी स्मिथ–ह्यूज कायद्यावर सही केली. शेती, औद्योगिक व्यवसाय आणि गृहशास्त्र या विषयांच्या व्यवसाय शिक्षणाला आणि त्यांच्या शिक्षक-प्रशिक्षणाला पहिल्यांदाच संघराज्याचा नियमित पैसा मिळू लागला. पूर्ण क्षमतेनं ही रक्कम वर्षाला सुमारे ७० लाख डॉलर होती, आणि राज्यानं तितकीच भर घालायची होती.

पैशाबरोबर अटी आल्या. व्यवसाय शाळेत किमान निम्मा वेळ प्रत्यक्ष, उपयुक्त किंवा उत्पादक कामात जायला हवा. विद्यार्थी १४ वर्षांवरचे हवेत. शिक्षकाची पात्रता ठरलेल्या निकषांत बसायला हवी. देखरेखीला स्वतंत्र मंडळ. यातून मोजायचं काय हे ठरलं: तास, हजेरी आणि शिक्षकांचे पगार. त्या काळच्या अमेरिकन कार्यशाळांतलं वेळापत्रक पाहिलं की अभ्यासक्रम कायद्याच्या मापानं कापलेला दिसतो.

याच सुमारास डेव्हिड स्नेडन आणि जॉन ड्यूई या दोन अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांत जाहीर वाद झाला. स्नेडन म्हणत, समाजाला कामाची माणसं लागतात, तर त्यांना कार्यक्षमपणे त्या कामासाठी तयार करा. ड्यूईंचं म्हणणं होतं की आहे त्या औद्योगिक व्यवस्थेत कामगाराला बसवून देणारं शिक्षण मला मान्य नाही. ती व्यवस्था समजून घेऊन बदलू शकेल असा माणूस घडवणारं हवं. कायदा स्नेडन यांच्या बाजूनं झाला. स्टाउट मात्र दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभं राहिलं. 'इंडस्ट्रियल आर्ट्स' हा सर्वसाधारण शिक्षणाचा भाग असलेला विषय आणि व्यवसाय शिक्षण, दोन्हींचे शिक्षक तिथं तयार होत. १९१७ मध्येच संस्थेला चार वर्षांची पदवी देण्याचा अधिकार मिळाला.

कामाची चिरफाड

१९४५ ते १९६१ अध्यक्ष असलेले व्हर्न फ्रिकलंड हे कामाच्या विश्लेषणाच्या पद्धतीसाठी ओळखले जात. ही पद्धत थोडी जवळून पाहायला हवी, कारण व्यवसाय शिक्षण आणि मनुष्यबळ विकास यांना जोडणारा खरा सांधा तीच आहे.

समजा शिक्षकाला पत्र्याचं काम शिकवायचं आहे. तो आधी कारागिराजवळ बसतो आणि कारागीर नेमकं काय करतो ते लिहून काढतो. मापं आखणं, पत्रा कापणं, कड दुमडणं, जोड देणं, डाग (सोल्डर) लावणं. या झाल्या करायच्या गोष्टी. मग दुसरी यादी: पत्र्याच्या जाडीचे क्रमांक, कुठल्या धातूला कुठला डाग चालतो, जोडासाठी किती पत्रा जादा सोडायचा. या जाणायच्या गोष्टी. दोन्ही याद्या आडव्या-उभ्या मांडून तक्ता करायचा आणि कुठल्या वस्तूत कुठल्या क्रिया येतात त्याच्या खुणा करायच्या. मग धडे आपोआप उलगडतात. अनुभवी कारागीर ज्या गोष्टी न बोलता करतो, त्या कागदावर येतात. कारागिराला स्वतःलाही माहीत नसतं की आपल्याला इतकं येतं.

आज कौशल्य मानकं, क्षमतांचे आराखडे, व्यवसायनिहाय कामांचे तक्ते म्हणून जे फिरतं त्याचं कूळ हेच. पण एक फरक आहे आणि तो मला मोठा वाटतो. तेव्हा विश्लेषण शिक्षक करायचा आणि कशासाठी? तर शिकवण्यासाठी. आता बहुधा उद्योगाचे प्रतिनिधी आणि सल्लागार ते करतात, मूल्यमापनासाठी. शिक्षकाच्या हाती तक्ता तयार येतो. कारागिराजवळ बसण्यात तो जे शिकला असता, ते त्याला मिळतच नाही.

साठचं दशक: दोन दिशांना ओढ

विल्यम मिकील्स १९६१ मध्ये अध्यक्ष झाले. पुढच्या दशकभरात विद्यार्थिसंख्या कैक पटींनी वाढली आणि संस्था शिक्षक-प्रशिक्षणाच्या चौकटीबाहेर पडली. औद्योगिक तंत्रज्ञान, हॉटेल व्यवस्थापन यांसारख्या, थेट नोकरीकडे नेणाऱ्या पदव्या वाढल्या. अपंग व्यक्तींच्या व्यावसायिक पुनर्वसनाचं काम इथंच रुजलं: माणसाला प्रत्यक्ष काम देऊन त्याच्याकडून काय होतं, कशाची मदत लागते हे तपासायचं आणि मग रोजगाराचा मार्ग आखायचा. या भागाबद्दल फार लिहिलं जात नाही, पण 'प्रत्येकाला कामाची जागा' हा मनुष्यबळ विकासाचा दावा जर कुठं खरा ठरला असेल तर तो इथं.

दुसरीकडे, त्याच आवारात 'अमेरिकन इंडस्ट्री' नावाचा अभ्यासक्रम प्रकल्प चालला होता. शाळांतल्या कार्यशाळा अजून लाकूड आणि धातूत अडकल्या आहेत, खरा उद्योग केव्हाच पुढे गेलाय, असं त्या मंडळींचं म्हणणं होतं. म्हणून त्यांनी वस्तूऐवजी संकल्पनांवर अभ्यासक्रम उभारला: साहित्य, प्रक्रिया, ऊर्जा, उत्पादन, व्यवस्थापन, वित्त, विपणन, मानवी संबंध. विद्यार्थ्यांनी छोटा उद्योग काढून चालवायचा आणि त्यातून उद्योग म्हणजे काय ते समजून घ्यायचं. ड्यूईंच्या बाजूचा हा शेवटचा मोठा प्रयत्न म्हणता येईल. तो देशभर रुजला नाही. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. हातात वस्तू घेऊन घरी जाणारा मुलगा पालकांना कळतो, 'संकल्पना' घेऊन जाणारा कळत नाही.

नावंही या काळात भराभर बदलली. १९५५ मध्ये राज्य महाविद्यालय, १९६४ मध्ये राज्य विद्यापीठ, १९७१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठ व्यवस्थेत, म्हणजे राज्याच्या सरकारी विद्यापीठांच्या एकत्रित यंत्रणेत, विलीनीकरण.

मोजमाप बदललं

खरं वळण मेनॉमनीत घडलं नाही, वॉशिंग्टनमध्ये घडलं. १९६२ चा मनुष्यबळ विकास व प्रशिक्षण कायदा, १९६३ चा व्यवसाय शिक्षण कायदा, १९७३ चा रोजगार व प्रशिक्षण कायदा, १९८२ चा रोजगार प्रशिक्षण भागीदारी कायदा, १९९८ चा मनुष्यबळ गुंतवणूक कायदा, आणि २०१४ मध्ये त्याच्या जागी आलेला नवा कायदा. ही यादी कंटाळवाणी आहे, पण तिच्यात दोन गोष्टी हळूहळू सरकताना दिसतात. निर्णय घेणाऱ्या मंडळांत उद्योजकांचं बहुमत आलं. आणि तासांऐवजी परिणाम मोजला जाऊ लागला: किती जणांना नोकरी लागली, किती जण टिकले, पगार किती.

विद्यापीठांनी आपापल्या विभागांची नावं त्याप्रमाणे बदलली. पेन स्टेटमध्ये आणि सदर्न इलिनॉय विद्यापीठाच्या कार्बनडेल परिसरात व्यवसाय शिक्षणाचे विभाग 'वर्कफोर्स एज्युकेशन अँड डेव्हलपमेंट' (मनुष्यबळ शिक्षण आणि विकास) झाले. व्यवसाय शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९९८ मध्ये नावातून 'व्होकेशनल' (व्यवसायविषयक) हा शब्द काढून टाकला आणि २००६ मध्ये व्यवसाय शिक्षणाला पैसा देणाऱ्या संघराज्याच्या पर्किन्स कायद्यानंही तेच केलं. स्टाउटमध्येही शिक्षक-प्रशिक्षणाच्या जोडीला कंपन्यांतल्या प्रशिक्षण अधिकाऱ्यांसाठी 'ट्रेनिंग अँड ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट' ही पदव्युत्तर पदवी आली. कार्यशाळेतल्या शिक्षकाची जागा कंपनीच्या प्रशिक्षकानं घेतली, मूळ कौशल्य तेच: काम उलगडून दाखवणं. लहान कारखान्यांना तांत्रिक मदत देणारं केंद्रही विद्यापीठानं उभारलं.

चार्ल्स सोरेन्सन १९८८ पासून २०१४ पर्यंत कुलपती, म्हणजे तिथल्या रीतीनं विद्यापीठाचे प्रत्यक्ष प्रमुख, होते. त्यांच्या काळात स्टाउटनं व्यवस्थापनाची भाषा मनापासून स्वीकारली. 'ध्येयाला धरून, बाजाराचं भान ठेवून' अशा अर्थाचं घोषवाक्य केलं. २००१ मध्ये माल्कम बाल्ड्रिज राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार मिळवणारं ते पहिलं विद्यापीठ ठरलं. मुळात कंपन्यांसाठी काढलेला हा पुरस्कार. शिक्षणसंस्थांना तो त्या वर्षी पहिल्यांदाच मिळाला. १९९६ पासून पदवीधरांपैकी ९८ टक्के किंवा त्याहून अधिक जणांना नोकरी, ही त्यावेळी सांगितली गेलेली मोठी जमेची बाजू होती.

हा आकडा मी खोटा ठरवत नाही. पण १८९१ च्या मुलामुलींच्या वर्गाला तो लावून पाहा. त्यातली एक मुलगी पुढे काहीच 'नोकरी' करणार नव्हती, एक मुलगा वाणसामानाच्या दुकानात बसणार होता. स्टाउट यांच्या हिशोबात दोघेही यशस्वी. नव्या हिशोबात दोघेही शून्य. नोकरीचा आकडा जितका चांगला, तितका तो उरलेल्या कशाहीबद्दल गप्प राहतो: नोकरी कुठली, किती वर्षांनी जुनी होणार, आणि त्या माणसाला नंतर स्वतःहून काही शिकता येतं का.

२००७ मध्ये विद्यापीठ मंडळानं स्टाउटला राज्याचं 'पॉलिटेक्निक विद्यापीठ' म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे या शब्दानं पदविका आठवते. तिथं अर्थ वेगळा आहे, उपयोजित विज्ञान आणि तंत्रज्ञानावर भर देणारं पूर्ण विद्यापीठ. प्रयोगशाळेत बराच वेळ, उद्योगातून आलेले प्रकल्प, शिकता शिकता पगारी कामाची सत्रं. यातलं बरंच काही आधीपासून होतं. बिरुद तेवढं नवीन मिळालं.

२०१५

जानेवारी संपून फेब्रुवारी लागला तेव्हा विस्कॉन्सिनचे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी राज्याचा अर्थसंकल्प मांडला. त्यात विद्यापीठ व्यवस्थेच्या निधीला दोन वर्षांत ३० कोटी डॉलरची कात्री होती. सोबतच्या मसुद्यात विद्यापीठाच्या कायद्यातल्या ध्येयविधानातही खाडाखोड होती. सत्याचा शोध आणि माणसाची स्थिती सुधारणं हे उल्लेख वगळून 'राज्याच्या मनुष्यबळाच्या गरजा भागवणं' घातलं होतं. गदारोळ झाला. एक-दोन दिवसांत गव्हर्नरांनी माघार घेतली आणि मसुद्यातली चूक म्हणून सांगितलं. जुना मजकूर कायम राहिला. निधीतली कपात मात्र २५ कोटींवर येऊन मंजूर झाली.

या वादात मॅडिसनच्या मुख्य विद्यापीठाची बाजू सगळ्यांनी ऐकली. स्टाउटची अडचण जास्त गुंतागुंतीची होती आणि ती फारशी चर्चेत आली नाही. मनुष्यबळाच्या गरजा भागवण्याचं काम ते कित्येक वर्षं उघडपणे करत होतं, त्याबद्दल पुरस्कार मिळवत होतं. तरी कपातीतून त्याला सूट नव्हती. बाजाराचं भान ठेवल्यानं सरकारी निधी वाचतो, हा हिशोब तिथं चुकला.

एक गोष्ट मात्र अजून जुन्या वळणावर आहे. स्टाउटमध्ये करिअर व तांत्रिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी पदवी चालते. तिच्याकडे येणारे बरेच जण अठरा वर्षांचे नसतात. कुणी अनेक वर्षं वेल्डिंग केलेलं असतं, कुणी रुग्णालयात काम केलेलं, कुणी तांत्रिक महाविद्यालयात आधीच शिकवायला लागलेलं. त्यांना धंदा येतो. तो दुसऱ्याला कसा द्यायचा हे शिकायचं असतं. हार्वींनी १९०३ मध्ये जी उणीव ओळखली होती ती अमेरिकेत आजही भरलेली नाही. कारखान्यात जास्त पगार मिळत असताना कुशल कारागिरानं वर्गात का यावं, या प्रश्नाला विद्यापीठाकडे उत्तर नाही, कारण पगार ते ठरवत नाही. ते ठरवणाऱ्या राज्याच्या तक्त्यांमध्ये नोकरीला लागलेल्यांचा रकाना आहे, त्यांना शिकवणाऱ्यांचा नाही.